उष्टा प्याला

शांतवन मास्तरांनी पिशवी उलटी केली आणि चर्चच्या खोलीतल्या टेबलावर प्लास्टिकचे पेले सांडले. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं टोपण येतं, तेवढेच. एक घरंगळत माझ्या पायाशी आला. मी तो उचलला नाही.

"दीडशे आहेत," मास्तर म्हणाले. "मुद्दाम मागवलेत. उद्या हेच वापरायचे. ज्याचा त्याला."

टेबलापलीकडे सुनीती, आमची पाळकबाई, बसली होती. तिनं एक पेला उचलला, उजेडाकडे धरून पाहिला आणि परत ठेवला.

"मास्तर, बिशपसाहेबांचं पत्र तुम्हीच पंचांपुढं वाचलंत. प्रभुभोजनाचा प्याला पहिल्यासारखा सुरू करा म्हणून."

"साहेब बंगल्यात बसतात. रोग इथं येतो."

"कोरोना जाऊन दीड वर्ष झालं."

"गेला कुठं? लपून बसलाय."

"परवा तुमच्या पुतण्याच्या हळदीला पिंपावर एकच पेला साखळीनं बांधला होता. सगळी आळी त्यानं पाणी पीत होती. तुम्हीसुद्धा. तेव्हा कुठं लपला होता?"

मास्तरांचे कान लाल झाले. चाळीस वर्षं त्यांनी मिशनच्या शाळेत पोरांना उभं करून प्रश्न विचारले होते. कोणी त्यांना विचारायची सवय नव्हती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. भिंतीशी उभ्या दोन पंचांनीही पाहिलं. मोठ्या माणसांना जे बोलायची लाज वाटते ते बोलायला आळीत मीच होते.

"सुनीते," मी म्हणाले, "उगाच शब्द वाढवू नको. रोगबीग काही नाही. तुझं उष्टं आम्ही पिणार नाही."

पंच आपापल्या चपलांकडं बघू लागले.

"सरळ बोललात, मावशी," ती म्हणाली. "बरं वाटलं."

ही खडकाळे मिशनातली गोष्ट आहे. आमच्या चर्चला सव्वाशे वर्षं झाली आणि मिशनातल्या दोन आळ्यांनाही तेवढीच. वरची आळी आमची, खालची यादोबाची. बाप्तिस्मा दोघांच्या आज्यांनी एकाच विहिरीवर घेतला, पण त्याच्या आधी कोण गावाच्या कुठल्या वाड्यात राहत होतं ते त्या पाण्यानं धुतलं गेलं नाही. आम्ही त्यांच्या मयतीला जायचो, पंगतीला नाही. त्यांच्या मुली केल्या नाहीत, आमच्या दिल्या नाहीत. चर्चमध्ये आम्ही पुढं बसायचो, ते मागं. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं.

प्रभुभोजनाचंही तसंच. मोठा चांदीचा प्याला, अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी पूर्ण मावेल एवढा. त्यातला द्राक्षारस पाळक आधी स्वतः घ्यायचा, मग कठड्याशी गुडघे टेकलेल्या वरच्या आळीला द्यायचा, मग खालच्या आळीला. सगळ्यांत शेवटी यादोबा. तो घंटा वाजवायचा, थडगी खणायचा आणि दाराजवळ दोरीखाली बसायचा. आशीर्वाद म्हटलेला द्राक्षारस फेकता येत नाही, परत बरणीत घालता येत नाही. तो तिथंच पिऊन संपवावा लागतो. खालच्या आळीनं तोंड लावल्यावर आमचे पाळक काही तो पीत नव्हते. ते प्याला यादोबाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "यादोबा, संपव." यादोबा मान मागं टाकून संपवायचा. असे पाच पाळक मी पाहिले.

सुनीती यादोबाची मुलगी. शिकली, पाळक व्हायला सेमिनरीत गेली, आणि बिशपनं तिला आमच्यावरच नेमलं. पहिलं दीड वर्ष ती डीकन होती, म्हणजे उपदेश करायची, मयत करायची, पण प्रभुभोजन द्यायला शेजारच्या मंडळीतून पाळक यायचे. तेवढं आम्ही चालवून घेतलं. नोव्हेंबरात तिला पूर्ण दीक्षा मिळाली. आता वेदीपुढं ती उभी राहणार होती. प्याल्याला पहिलं तोंड तिचं लागणार होतं, आणि तिच्यामागून आमचं.

तिनं टेबलावरचे पेले एकेक करून पिशवीत भरले आणि पिशवी मास्तरांपुढं सारली.

"मावशी, चाळीस वर्षं माझ्या बापानं तुमचं उष्टं संपवलं," ती म्हणाली. "मी लहान असताना विचारायचे, दादा, शेवटी तुम्हीच का? ते म्हणायचे, देवानं माझ्यासाठी राखून ठेवलेलं असतं. उद्यापासून ते संपवणार नाहीत."

"मग कोण संपवणार?" मास्तर म्हणाले.

"ज्याला मी बोलावीन तो."

"आणि कोणी नाही आलं तर?"

"तर मी आहे."

ती गेल्यावर मास्तर चर्चच्या पायरीवर बसले आणि त्यांनी बेत सांगितला. सगळ्यांनी कठड्याशी जायचं. भाकर हातात घ्यायची. भाकरीला कुणाचं तोंड लागत नाही. मग प्याला येण्याआधी उठायचं आणि जागेवर जाऊन बसायचं. ओरडायचं नाही, भांडायचं नाही. आठ दिवसांत पंचांचा ठराव बिशपकडं जाईल की मंडळी या बाईच्या हातून प्याला घेत नाही. ज्या पाळकाचा कठडा रिकामा, त्याची बदली ठरलेली.

"तिला बदली नको आहे," एक पंच म्हणाला. "म्हातारा एकटा आहे. दम्यानं दोन पावलं चालवत नाही त्याला. त्याच्यासाठीच मागून घेतलंय तिनं हे गाव."

"मग तिनं पेले घ्यायचे होते," मास्तर म्हणाले. "सलोमीबाई, कठड्याशी पहिली तुम्ही असता. तुम्ही उठलात की सगळे उठतील."

"उठेन की."

"आणि तुमचं बाकीचं काम?"

"माझं काम मी तीस वर्षं करतेय," मी म्हणाले. "मला शिकवू नका."

वेदीचं काम माझ्याकडं होतं. मनुका भिजवून, कुस्करून, साखर घालून चिनी मातीच्या बरणीत द्राक्षारस मुरवायचा, शनिवारी फडकी धुवायची, रविवारी प्याला घासून भरून वेदीवर ठेवायचा. मला अक्षर येत नव्हतं, पण वेदीवर काय कुठं ठेवायचं ते पाठ होतं. सुनीती आल्या आल्या मला म्हणाली होती, "मावशी, पाळकघराच्या ओसरीवर बायकांचा वाचनाचा वर्ग सुरू करतेय. तुम्ही या." मी म्हणाले, "तुझ्याकडून शिकायची वेळ आल्यावर येईन." ती हसली होती. तेव्हा अजून हसायची.

रविवारी यादोबानं घंटा दिली. तीन ठोके दिले की तो थांबायचा, खोकायचा, पुन्हा तीन द्यायचा. मी माझं काम उरकून प्याला वेदीवर ठेवला, वर पांढरं फडकं घातलं आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.

चर्च भरलं होतं. एरवी नाताळाला येतात ते चेहरेही होते. खालच्या आळीची आता पाचच घरं राहिली होती, बाकीची भोसरी-चाकणला गेली. ते चौदा-पंधराजण मागं. सुनीतीनं नवा पांढरा झगा घातला होता. गीत सुरू झालं तेव्हा मागच्या पंधराजणांचा आवाज पुढच्या शंभरांपेक्षा मोठा होता. आम्ही तोंड हलवत होतो, एवढंच.

एकमेकांचे हात हातात घेऊन शांती द्यायची वेळ आली. ती वेदीवरून खाली उतरली, पहिल्या बाकाशी आली आणि मला हात पुढं केला. "शांती असो, मावशी." माझ्या हातात उपासनेचं पुस्तक होतं, न वाचता धरायची सवय म्हणून. मी ते दोन्ही हातांनी धरलं. ती मास्तरांपुढं गेली. मास्तरांनी हात जोडले, शेतसाऱ्याला आलेल्या तलाठ्याला जोडावेत तसे.

वेदीवर जाऊन तिनं प्याल्यावरचं फडकं काढलं. तिचा हात थांबला. तिनं प्याल्यात पाहिलं, आणि वळून एकदा माझ्याकडं पाहिलं. मग प्रार्थना सुरू केली. आवाज हलला नाही.

तिनं भाकर मोडली. स्वतः घेतली. प्याला उचलला आणि एक घोट घेतला. माझ्या मागून कोणीतरी खाकरलं.

आम्ही कठड्याशी गेलो. मी डाव्या टोकाला, पहिली. तिनं माझ्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला. तिची बोटं थंडगार होती. ओळीच्या शेवटापर्यंत जाऊन ती प्याला घ्यायला वेदीकडं वळली, तेव्हा मी कठड्याला धरून उठले. माझ्या गुडघ्यांचा आवाज झाला. मग सगळ्यांच्याच गुडघ्यांचा आवाज झाला.

ती प्याला घेऊन वळली तेव्हा कठड्याशी कोणी नव्हतं.

दुसरी ओळ आली. भाकर घेतली, उठली. तिसरी तशीच. प्रत्येक वेळी ती प्याला घेऊन यायची, रिकाम्या कठड्यापाशी उभी राहायची आणि परत जायची. घाई करत नव्हती. एका पोरीला हसू आलं, तिच्या आईनं तिला चिमटा काढला.

मग खालच्या आळीची पाळी आली. यादोबा दोरीखालून उठला. एरवी तो सगळ्यांत शेवटी यायचा. त्या दिवशी बाकीचे थांबले आणि तो पुढं निघाला, बाकांना धरत, दम घेत. चर्चची सगळी लांबी त्यानं चालून काढली. कोणी हात दिला नाही. माझ्या बाकाशी थांबून त्यानं दम घेतला आणि मला म्हणाला, "सलोमीबाई, तुमची जागा रिकामी दिसतीय. बसू का?"

आणि तो गेला आणि माझ्या जागी, डाव्या टोकाला, गुडघे टेकून बसला. मुलीच्या हातून त्यानं प्याला घेतला. एकच घोट. परत जाताना तोंड पुसलं नाही.

पंधरा माणसांचे पंधरा घोट. ती वेदीपाशी गेली, प्याल्यात पाहिलं आणि मंडळीकडं वळली. प्याला दोन्ही हातांत होता.

"सलोमीमावशी," ती मोठ्यानं म्हणाली. "या."

सगळं चर्च माझ्याकडं बघत होतं. मला वाटलं, ही मला सगळ्यांसमोर यादोबाच्या पायरीवर उभी करतेय. माझ्या आळीपुढं मला खालच्या आळीचं उष्टं संपवायला बोलावतेय. सूड घेतेय.

"या, मावशी."

"बसा खाली," मास्तर दातांतून म्हणाले. मी उठलेच नव्हते.

मागून यादोबाचा आवाज आला. "सुनीते, म्या येतो."

"दादा, तुम्ही बसा," ती म्हणाली.

तिनं प्याला तोंडाला लावला. आमच्याकडं पाठ केली नाही. एक घोट, दुसरा, श्वास घेतला, पुन्हा. घशाची हालचाल दिसत होती. प्रभुभोजन होईपर्यंत ती सकाळपासून पाणीही तोंडात घेत नसे. प्याला संपायला किती वेळ लागला कोण जाणे. मला तो उपदेशाएवढा वाटला. शेवटी तिनं पाणी घालून प्याला विसळला, ते पाणीही प्यायली, आणि प्याला पालथा ठेवला.

आशीर्वादाला हात वर केला तेव्हा ती हलली. पायरी उतरताना झग्यात पाय अडकला आणि ती कठड्यावर पडली. कठड्याला धरून उठली. कपाळावर खोक पडली होती.

"चढली," मास्तर म्हणाले. फार मोठ्यानं नाही. जेवढं पुरेसं होतं तेवढंच.

दुपारपर्यंत दोन्ही आळ्यांत, गावात, एसटी स्टँडवर पसरलं होतं की पाळकबाई वेदीवर पिऊन पडली.

तीन आठवड्यांनी बिशप आले. चौकशी त्याच खोलीत, त्याच टेबलाशी. बिशप दमलेले दिसत होते. अशी तीन गावं करून आले होते. मास्तरांनी एक कागद पुढं ठेवला, खाली सह्या आणि अंगठे. माझा अंगठा पहिला होता. आदल्या दिवशी मास्तरांनी तो माझ्या घरी आणला होता. "काय लिहिलंय?" मी विचारलं. "झालं तेच," ते म्हणाले, आणि शाईची डबी उघडली.

बिशपनी कागद वाचला. मग सुनीतीला विचारलं, "तुम्हाला काय सांगायचंय?"

"प्याल्यात नेहमी तिसरा हिस्सा असतो, साहेब. निम्मा द्राक्षारस, निम्मं पाणी. त्या दिवशी प्याला काठोकाठ होता आणि पाणी नव्हतं."

"प्याला कोण भरतं?"

"मी," मी म्हणाले.

"त्या दिवशी तुम्हीच भरलात?"

"हो."

"असा का भरला?"

खोलीत घड्याळ होतं. त्याचा आवाज मला तोवर कधी ऐकू आला नव्हता.

आता लिहिते ते तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं, मास्तरांनाही नाही. बेत त्यांचा उठून जायचा होता. भरायचा माझा होता. कोणी पिणार नाही हे मला ठाऊक होतं. उरलेलं तिला प्यावं लागणार, ती उपाशीपोटी असणार, आणि बापाला बोलावणार नाही असं ती स्वतःच सांगून गेली होती. रविवारी पहाटे मी जुनी बरणी काढली, दोन महिने मुरलेली. गाळून ओतताना वासानंच डोळ्यांत पाणी आलं. पाण्याचा तांब्या शेजारी होता. त्याला हात लावला नाही. काठापर्यंत आलं तरी ओतत राहिले, अगदी थेंब उभा राहीपर्यंत. फडकं भिजू नये म्हणून हळूच घातलं. मला ती पडायला हवी होती.

"तिनंच सांगितलं, साहेब," मी म्हणाले. "भरून ठेवा, पाणी घालू नका म्हणाली."

मला वाटलं सुनीती ओरडेल. मी तयार होते. ती ओरडली असती तर मीही ओरडले असते, आणि मला बरं वाटलं असतं. ती नुसती माझ्याकडं वळली. कपाळावरची खोक अजून काळी होती.

"मावशी, तुम्ही अंगठा दिलाय त्या कागदात काय लिहिलंय ठाऊक आहे?"

"मला वाचता येत नाही, तुला माहीतंय."

"म्हणूनच विचारलं," ती म्हणाली, आणि पुढं त्या चौकशीत एक शब्द बोलली नाही.

नाताळाच्या आधी तिची बदली झाली. घाटाकडं, करवंदेवाडीला, तिथून खडकाळ्याला यायला तीन एसट्या बदलाव्या लागतात. यादोबाला घेऊन चालली होती, पण तो दोरीला हात लावून म्हणाला, "घंटा कोण देईल?" आणि राहिला. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी घंटा झाली नाही. जाऊन पाहिलं तर तो दोरीखालीच बसला होता, भिंतीला टेकून, गार पडलेला.

ती मयतीला आली. मातीची प्रार्थना तिनंच म्हटली. थडगं खणायला माणूस मिळाला नव्हता, कारण खणणाराच गेला होता. खालच्या आळीच्या बायांनी खणलं. मी फुलं घेऊन गेले होते. ती माझ्यासमोरून गेली, पण मी तिथं उभी आहे असं तिच्या चेहऱ्यावर कुठं दिसलं नाही.

आमच्याकडं नवे पाळक आले. प्लास्टिकचे पेलेही आले. एकदा वापरून फेकायचे होते ते. दर रविवारी दुपारी चर्चच्या मागं कुत्री चाटत बसायची. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

त्याच पावसाळ्यात मी खालच्या आळीत रेबेकाच्या ओसरीवर गेले. सुनीतीचा वर्ग ती चालवत होती, पाच बायका आणि फुटकी पाटी.

"काय पाहिजे?" रेबेका म्हणाली.

"अक्षरं."

"वरच्या आळीत मास्तर आहेत की."

"त्यांच्याकडून नको."

"पाणी प्यायला लागतं इथं, मध्येच तहान लागली तर. तांब्या एकच आहे."

"लागली तर पिईन."

"आत्ता पी," ती म्हणाली, आणि तांब्या पुढं केला. पाची बायका बघत होत्या. मी प्याले. मग तिनं पाटी दिली. माझं वय एकोणसत्तर. हात म्हशीच्या दाव्यासारखा, पेन्सिल धरवेना. 'अ' काढायला चार दिवस गेले. बायका हसायच्या. रेबेकानं त्यांना एकदाही गप्प केलं नाही.

वाचता येऊ लागल्यावर पहिल्यांदा मी चर्चच्या कपाटातली चौकशीची फाईल काढली. किल्ली माझ्याकडंच होती. कागदाची नक्कल तिथं होती. बोट ठेवून, ओठ हलवत, एक अख्खी सकाळ लागली. 'दर रविवारी', असं होतं. 'पिऊन उपासनेस येतात', असं होतं. 'बापालाही हेच व्यसन', असं होतं. खाली अंगठा, आणि अंगठ्याशेजारी मास्तरांच्या सुरेख वळणदार अक्षरात माझं नाव. माझं नाव लिहिलेलं मी पहिल्यांदा तिथं वाचलं.

फाईल घेऊन मी मास्तरांकडं गेले. "हे मी कधी बोलले?"

"एवढ्या दिवसांनी?" ते म्हणाले. "आणि काठोकाठ भरायला मी सांगितलं होतं का, सलोमीबाई?"

त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं.

मी बिशपना पत्र लिहिलं. नऊ ओळी, दोन दिवस लागले. मी भरला, तिनं सांगितलं नव्हतं, मी खोटं बोलले, असं लिहिलं. उत्तर आलं नाही. बिशप बदलले होते.

दुसरं वाचलं ते उपासनेचं पुस्तक. तीस वर्षं हातात धरलेलं. प्रार्थनांच्या मध्ये बारीक तिरप्या अक्षरांत पाळकासाठी सूचना असतात, त्या मोठ्यानं कोणी वाचत नाही, म्हणून मला कधी कळल्याच नव्हत्या. शेवटी एक होती. उरलेलं पाळकानं, आणि मंडळीतल्या ज्यांना तो बोलावील त्यांनी, मिळून तिथंच आदरानं सेवन करावं.

मिळून. मी तो शब्द सुटा सुटा वाचला, मग जोडून वाचला. यादोबाला पाच पाळक जे करायला लावत होते ते शिक्षा म्हणून लिहिलेलंच नव्हतं. आणि ती मला हाक मारत होती तेव्हा सूड घेत नव्हती.

गेल्या वर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, एका रविवारी मी करवंदेवाडीला गेले. आदल्या दिवशी निघून तालुक्याला नातेवाइकांकडं राहिले, पहाटेची एसटी धरली. काही खाल्लं नाही. चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. तीसेक माणसं, जमिनीवर बसलेली, पुढं-मागं काही नाही. जो आधी आला तो सावलीत. सुनीतीचे केस पिकले होते. तिनं मला दारातून येताना पाहिलं आणि वचन वाचत राहिली.

मी सगळ्यांच्या शेवटी गेले. तिथं कठडा नव्हता, वेदीपुढं सतरंजी होती. तिनं भाकर दिली. मग प्याला आणला. पितळेचा होता, निम्म्याहून जास्त भरलेला. मी एक घोट घेतला. तिनं प्याला परत नेला, वेदीपाशी उभी राहून आत पाहिलं. लोक उठून जागेवर गेले होते. मी गुडघ्यांवरच होते, उठवत नव्हतं.

"सलोमीमावशी," ती म्हणाली. "या."

मी सतरंजीवरून हातांवर रेटून उठले आणि तिच्यापाशी गेले. तिनं माझ्याकडं बघत आधी स्वतः एक घोट घेतला. फडकं हातात होतं, पण काठ पुसला नाही. प्याला माझ्या हातात दिला.

"संपवा."

मी प्याले. गोड होता, आणि पोट रिकामं होतं. मध्येच थांबून श्वास घेतला. तिनं हात पुढं केला नाही. सगळं चर्च बघत होतं आणि त्यांना काही ठाऊक नव्हतं, म्हणून ते नुसतं एका म्हातारीकडं बघत होते. शेवटचा घोट घेताना एक थेंब लुगड्यावर पडला. तो मी बोटानं टिपून तोंडात घातला.

मग सवयीनं मी तिच्या हातातल्या फडक्याकडं हात नेला. प्याला धुवायचा असतो. तीस वर्षं मीच धुतला होता.

तिनं प्याला माझ्याकडून काढून घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. "इथं धुवायला माणूस आहे. तुमची एसटी सव्वा बाराला."